मला सगळे ‘तो’ म्हणायचे

मी एक भोक बोलतोय. हसा खुशाल, मला त्याची सवय आहे.

भोक हा शब्द नपुंसकलिंगी आहे हे मला ठाऊक आहे, तेव्हा खरं म्हणजे ‘बोलतंय’ म्हणायला हवं. पण माझ्या आयुष्यात व्याकरणाने एवढा गोंधळ घातलाय की स्वतःपुरती थोडी मोकळीक मी घेणारच. शिवाय बरीच वर्षं मला सगळे ‘तो’ म्हणत होते. ते कसं, तेच सांगायला बसलोय.

आकाराने मी मसुराच्या दाण्याएवढा. माझा मुक्काम एका चर्मपत्रात, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेल्या कातड्याच्या पानात. माझ्या अंगात तसं काहीच नाही. कडा तेवढी माझी म्हणायची, आणि नीट हिशोब केला तर तीही कातड्याची. तरीसुद्धा माझ्यापायी मोठमोठ्या विद्वानांनी एकमेकांशी अबोला धरला, जाडजाड पुस्तकं लिहिली आणि भर सभेत टेबलावर मुठी आपटल्या. आता बोला.

माझा जन्म एका शिंकेतून झाला. एक चामडं कमावणारा होता. कोकराचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचा, केस काढायचा, लाकडी चौकटीवर दोऱ्यांनी ताणून बांधायचा आणि चंद्रकोरीच्या आकाराच्या सुरीने खरवडत बसायचा. हात एकदम बसलेला. पण त्या दिवशी नेमकी शिंक आली आणि सुरीचं टोक कातड्याला टेकलं. झालं एवढंच. तेव्हा मी नुसती एक चीर होतो. पण कातडं ताणलेलं ना. ते जसं वाळत गेलं तसा मी चारी बाजूंनी ओढला गेलो, आणि उन्हं उतरेपर्यंत चांगला गोल गरगरीत झालो. माझ्या कडा जाड होऊन आत वळल्या आणि तशाच कडक वाळल्या.

त्याची बायको कातडं उन्हाकडे धरून म्हणाली, “शिंकताना सुरी बाजूला ठेवायला काय होतं?”

“शिंक काय सांगून येते?”

“आता हे कोण घेणार?”

“घेईल कोणीतरी. भोकासकट घेईल.”

आणि खरंच घेतलं. गिऱ्हाईक म्हणजे कापड रंगवणारी एक बाई. हात कोपरापर्यंत निळे, बोलणं मोकळं. चांगली पानं परवडत नव्हती म्हणा, किंवा हौस नव्हती म्हणा, तिने मला निरखून पाहिलं आणि म्हणाली, “बहिणीला चार ओळी लिहायच्यात. भोकाने माझं काही अडत नाही.” मला ती तिथेच आवडली.

ही बाई आणि तिच्या ओळखीतल्या काही बायका येशूची शिकवण मानणाऱ्या. ती शिकवण तेव्हा नवी होती आणि उघड्यावर जमायची सोय नव्हती. म्हणून ही सगळी मंडळी हिच्याच घरी, रंगाच्या पिंपांमागच्या खोलीत जमायची. हलक्या आवाजात प्रार्थना करायची, असेल ते वाटून खायची आणि एकेकट्याने घरी जायची. मी त्या खोलीत भिंतीला टेकून उभा होतो, त्यामुळे हे मी डोळ्यांनी पाहिलंय. डोळे नसले म्हणून काय झालं.

मग एका सकाळी तिने बोरू शाईत बुडवला आणि बहिणीला पत्र लिहिलं. पत्राची भाषा जुनी ग्रीक. त्या काळी दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडायची पद्धत नव्हती, अक्षरं एकाला एक खेटून उभी. लिहिता लिहिता ती माझ्यापाशी आली. बोरू उचलला, मला ओलांडलं, पलीकडे टेकवला आणि पुढे लिहीत गेली. जराही थांबली नाही. रस्त्यात डबकं आलं की आपण पाय उचलून जातो ना, तसंच.

पत्र छोटंच होतं. तुम्हाला आपल्या भाषेत सांगतो. “आम्ही प्रार्थनेला जमलो होतो. दारात” — इथे मी — “पाहुणा आला. आमच्यापुरतंच होतं, तरी प्रत्येकीने आपल्यातलं काढून दिलं. नाव विचारलं नाही. जेवला आणि तिथेच झोपला. सकाळी उठून बघते तर पाहुणा गेलेला, आणि पाण्याची मोठी घागर काठोकाठ भरून ठेवलेली. ती घागर दोघींना मिळूनही उचलत नाही, तुला माहीतच आहे.” शेवटी बहिणीच्या मुलांची विचारपूस. शाई ओली असतानाच तिचं बोट ‘घागर’वर लागलं आणि तिथे निळा ठसा उमटला. पुसायला गेली तर आणखी पसरला, तेव्हा तिने नाद सोडला.

बहिणीने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि पेटीत ठेवलं. पुढे पेट्या बदलल्या, घरं बदलली, माणसं बदलली. वाचणारं कोणी राहिलं नाही तेव्हा एका घरात मला मधाच्या बरणीवर झाकण म्हणून बांधलं. ते दिवस वाईट. पान झाकणाचं काम मन लावून करत होतं हो, पण मी मध्येच. माझ्यातून मुंग्यांची रांग बरणीत उतरली आणि त्या घरच्या सासूने सुनेला आणि सुनेने मला जे काही ऐकवलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तिथून उचलबांगडी झाली ती थेट एका मठाच्या ग्रंथालयात. तिथल्या एका जुनी पानं गोळा करणाऱ्या भल्या माणसाने पान झटकून-पुसून ठेवलं, आणि नंतर सगळे विसरून गेले.

किती काळ गेला ते मला विचारू नका. अंधारात मोजायचं कशाला?

एके दिवशी एक तरुण संशोधक तिथे आला. मानेवर रुळणारे केस, खिशात टोक केलेल्या पेन्सिली, आणि डोळ्यांत अशी भूक की वाटावं हा पुस्तकं वाचत नाही, खातोच. ग्रंथालयाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या माणसाने बजावलं, “लवकर उरका, मला कुलूप लावायचंय.” तरुणाने भराभर चळत उपसली आणि पान हाताला लागलं. पहिल्या दोन ओळी वाचून त्याचा चेहरा असा काही फुलला की मलाही बरं वाटलं. टेबलावर दिव्याचं तेल सांडलेलं, तेव्हा त्याने अंगातला कोट काढून पसरला, वर पान ठेवलं, खिडकीच्या उजेडात कॅमेऱ्याने दोन फोटो काढले. “उद्या सावकाश वाचतो,” म्हणाला. किल्लीवाल्याने घाईघाईत पान उचललं आणि हाताशी होतं त्या पुस्तकात खुपसलं. ते होतं झाडपाल्याच्या औषधांचं. त्यात खोकल्यावरचे उपाय होते, त्या पानांमध्ये मी पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी तो तरुण आला असणार, शोध शोध शोधलं असणार. मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. ग्रंथालय पुढे आवरलं गेलं, पुस्तकं खोक्यांत भरून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात आली. औषधाचं पुस्तक उघडायची बुद्धी कोणालाही झाली नाही. सगळ्यांच्या छात्या ठणठणीत असाव्यात.

आणि इथे, मी खोकल्यावरच्या उपायांशेजारी घोरत असताना, बाहेरच्या जगात माझं नशीब उघडलं होतं.

झालं होतं असं, नंतर कानावर आलं तसं सांगतो. त्या ग्रीक भाषेत एक अक्षर आहे, अगदी शून्यासारखं गोल. ते शब्दाच्या आधी एकटं उभं राहिलं की त्याचा अर्थ होतो ‘तो’. नुसता कोणी नव्हे, तो ठरावीक, तो सगळ्यांना माहीत असलेला. तरुणाने फोटो धुऊन घेतले, तेव्हा त्यात ‘दारात’ आणि ‘पाहुणा’ यांच्या मध्ये त्याला एक काळा गोल दिसला. त्याने वाचलं, “दारात तो पाहुणा आला.” आणि समासात टीप लिहिली, “या अक्षरात शाई थोडी फुटली आहे.”

शाई नव्हे, मी. पण फोटोला काय कळतंय.

‘तो पाहुणा’ म्हटल्यावर सगळा रंगच पालटला. कोणी वाटसरू नव्हे, तो पाहुणा म्हणजे साक्षात येशू, पुन्हा जिवंत होऊन भक्तांच्या घरी जेवायला आलेला, आणि हे त्यांच्यात रूढ झालेलं त्याचं नाव. तरुणाने यावर पुस्तक लिहिलं. उशाला घेता येईल एवढं जाड. त्याचं नाव झालं, तो शिकवायला लागला, लग्न झालं, मुलगी झाली, केस पांढरे झाले आणि सगळे त्याला ‘सर’ म्हणायला लागले. मीही आता सरच म्हणतो.

सरांचा एक जिवलग मित्र होता. एकाच बाकावर शिकलेले दोघं. या मित्राला जगात कशालाही ‘हो’ म्हणायचं जिवावर यायचं, म्हणून त्याचं नाव पडलं नकारघंटा. त्याने सरांचं पुस्तक वाचलं आणि घंटा वाजवली. “त्या काळी येशूला ‘पाहुणा’ म्हणत असल्याचा दुसरा एक तरी पुरावा दाखव. नाही ना? मग ही कल्पना आजच्या माणसाची आहे. कल्पना आजची, तर पत्रही आजचं. कोणीतरी बनवलंय ते.”

मुद्दा बिनतोड होता. आणि त्याला आणखी एक शेपूट होतं, जे नकारघंटा स्वतः कधी उच्चारत नसे पण बाकीचे कुजबुजत. मूळ पान कोणी पाहिलंय? एकट्या सरांनी. फोटो कोणाकडे? एकट्या सरांकडे. मग बनवलं कोणी?

सर उत्तर द्यायचे, नकारघंटा त्याचं खंडन करायचा, सर त्या खंडनाचा कीस पाडायचे. एवढं असूनही दर रविवारी नकारघंटा सरांकडेच जेवायला. पत्राचा विषय ताटावर काढायचा नाही ही सरांच्या बायकोची अट. ती पहिला घास संपेपर्यंत टिकायची. मुलगी लहानपणापासून हे ऐकत वाढली. इतर मुलांना राक्षसाच्या गोष्टी सांगून झोपवतात, हिला ‘तो’ खरा की खोटा यावर झोप यायची. मोठी होऊन ती जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं तपासायला आणि दुरुस्त करायला शिकली, आणि त्या कामात अशी तयार झाली की लांबलांबून लोक तिच्याकडे फाटकी पानं घेऊन यायचे.

मग यंदा ग्रंथालयाच्या भिंतीला ओल आली. कपाटं हलवली, औषधाचं पुस्तक खाली पडलं आणि मी खोकल्यातून सुटलो.

ग्रंथपालबाई हुशार. पान आणि जुना फोटो शेजारी ठेवले मात्र, त्यांच्या लक्षात आलं. मग काय विचारता, फोन खणखणले. ठरलं असं की पानाची तपासणी करायची आणि सभा बोलावून निकाल सांगायचा. पत्र खरं निघालं तर काचेच्या कपाटात मानाने ठेवायचं, बनावट निघालं तर तळघरातल्या बनावट वस्तूंच्या खणात. आणि बनावट निघालं तर सरांच्या नावापुढे काय लागणार हे कोणी बोललं नाही. सरांचं वय झालं होतं. एवढा डाग धुवायला पुढे आयुष्य कुठून आणणार?

तपासणी कोणी करायची यावर वाद झाला. उत्तम जाणकार म्हणजे सरांची लेक, पण बापाचं काम लेकीकडे कसं द्यायचं? तेव्हा नकारघंटाच उठला म्हणे आणि म्हणाला, “तिलाच द्या. ती बापालाही सोडत नाही आणि मला तर नाहीच नाही.” त्याच्या तोंडून ‘द्या’ हा शब्द ऐकून सगळ्यांनी मान डोलावली आणि काम तिच्याकडे गेलं.

तिची खोली मला फार आवडली. मऊ ब्रश, निरनिराळी भिंगं, खिडकीपाशी कुंडी. चष्मा डोक्यावर सरकवून ती पानाशी बोलायची. “चला, बघू तुमचं काय दुखतंय ते.” कातडं तपासलं, ते जुनं. शाई तपासली, ती जुनी. निळा ठसा दिसल्यावर स्वतःशीच हसली. मग तिने पान एका काचेच्या टेबलावर ठेवलं. त्याच्याखाली दिवा असतो. तिने बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला, उजेड असा माझ्यातून आरपार गेला. आख्ख्या पानात माझ्यासारखं झळकणारं दुसरं कोणी नव्हतं.

“अगं बाई,” ती म्हणाली. “हे तर भोक आहे.”

आणि स्टुलावर बसली. मग फोन उचलला.

“बाबा, तुम्ही फोटो काढला तेव्हा पान कशावर ठेवलं होतं?”

“माझ्या कोटावर. टेबल तेलकट होतं. का गं?”

“कोट कुठल्या रंगाचा?”

“काळा. त्याच कोटात नंतर तुझ्या आईला बघायला गेलो होतो. तेलाचा डाग तेव्हाही होताच.”

“बाबा, तुम्ही इकडे येता का? आत्ताच या.”

सर आले. टोपी उलटी, श्वास चढलेला. एवढ्या वर्षांनी पान डोळ्यांसमोर आलं आणि ते उभ्याउभ्याच त्यावर वाकले. लेकीने दिवा मुद्दामच बंद ठेवला होता. सर ओठ हलवत वाचत गेले आणि ‘घागर’पाशी थांबले. “हे निळं आहे,” ते म्हणाले. “फोटोत मला शाईचा डाग वाटला होता. तिच्या बोटाचा ठसा आहे हा. बघ, माणूस होतं गं कोणीतरी.” डोळे भरून आले होते त्यांचे, आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

“बाबा, आता दिवा लावते. रागावू नका.”

“दिव्यावर कशाला रागावू?”

तिने बटण दाबलं. सर वाकून बघत राहिले, मग हळूच म्हणाले, “म्हणजे मी भोक वाचलं.”

“हो.”

“कोटाचा काळा रंग वाचला.”

“हो, बाबा.”

सर खुर्चीत बसले. तिने पाणी दिलं. मला वाटलं, संपलं. पण विद्वान माणूस इतक्या सहजी हार मानत नाही. पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत एकदम आशा चमकली. “अगं, पण कीड लागली असेल. कीड माझ्या फोटोच्या आधी पोचली आणि नेमकं ते अक्षर खाऊन टाकलं. म्हणजे ‘तो’ होता, आता नाही. असं होऊ शकतं की नाही?”

खरं सांगतो, माझा जीव टांगणीला लागला. कारण ती पळवाट चांगली होती. किडीने ‘तो’ खाल्ला म्हटलं की सरांचं जाड पुस्तक बचावलं. खोडून काढायला कोण येणार होतं? मी सगळं जाणत होतो, पण मला बोलता कुठे येत होतं. आणि मनातल्या मनात मलाही वाटून गेलं, होऊ दे की. भोकापेक्षा अक्षर असणं बरं. ‘तो’ म्हणून मिरवलेलं कोणाला सोडवतं?

लेकीने भिंग बापाच्या हातात दिलं. “तुम्हीच बघा आणि मला सांगा.”

सरांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पार माझ्या तोंडाशी आले.

“कडा कशा आहेत?” तिने विचारलं.

“जाड. आत वळलेल्या.”

“किडीने खाल्लं तर कशा असतात?”

“कुरतडलेल्या.” सरांचा आवाज खाली गेला. “हे कातडं ताणताना पडलंय. लिहिण्याच्या आधी.”

“आणि ‘पाहुणा’चं पहिलं अक्षर बघा.”

ते अक्षर माझ्या उजव्या अंगाला आहे. माझी कड चुकवायला पत्र लिहिणाऱ्या बाईने बोरू जरा तिरका धरला होता, त्यामुळे ते बिचारं अंग चोरून उभं आहे. सरांनी ते बघितलं. बघतच राहिले. “भोक बघून तिने वाट सोडलीय,” ते म्हणाले. “इथे काही लिहिलेलंच नव्हतं.”

“नव्हतं. आणि ‘तो’ नव्हता, म्हणजे काकांचा बनावटपणाचा मुद्दाही गेला. बाबा, पत्र खरं आहे. तुम्ही बनवलं नाहीत. उद्या मी हे सगळ्यांसमोर सांगेन.”

“आणि माझं पुस्तक?”

तिने बापाच्या उलट्या टोपीवर हात ठेवला. “ते गेलं.”

सरांनी टोपी सरळ केली. मग म्हणाले, “उद्या तू बोलू नकोस. मी बोलतो.” आणि उठून, माझ्याकडे एकदाही न बघता निघून गेले. मला वाईट वाटलं. माझा दोष नसला तरी वाटलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात सभा भरली. मला मध्ये टेबलावर ठेवलं. पहिल्या रांगेत नकारघंटा, मांडीवर कागदांचा हा गठ्ठा, सगळा ‘तो’च्या विरोधात. त्याच्या शेजारी सरांची बायको, मुद्दाम बसवलेली, वाद पेटला तर चिमटा काढायला. सर उभे राहिले. हातात एकही कागद नाही.

“मी थोडक्यात सांगतो,” ते म्हणाले. “या पत्रात ‘तो’ नाही. कधीच नव्हता. मी जे अक्षर म्हणून वाचलं ते भोक आहे, आणि भोक लिहिण्याच्या आधीचं आहे. माझ्या पुस्तकातली पहिली ओळ चुकली, त्यामुळे पुढचं सगळं चुकलं. पान आणि शाई मात्र खरी आहे, ते माझी मुलगी पुराव्यानिशी दाखवेल.”

नकारघंटा उठला, माझ्यापाशी आला, खिशातलं भिंग काढून त्याने मला वरून, बाजूने, खालून पाहिलं. फोटो पाहिला. पुन्हा मला पाहिलं.

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, “एवढी वर्षं मी एका भोकाशी भांडलो?”

“मी त्याच्या बाजूने भांडलो,” सर म्हणाले. “तुझं बरं म्हणायचं.”

पहिल्यांदा सरांची बायको हसली. मग लेक, मग ग्रंथपालबाई, आणि मग सगळं दालन. नकारघंटाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून बाहेर आलं. डोळे पुसून तो म्हणाला, “कातडं, शाई, कडा, सगळं पाहिलं. पत्र जुनं आहे. खरं आहे.” त्याने ‘खरं आहे’ म्हटलं हे टिपून घ्यायला दोघं-तिघं पेन शोधायला लागले.

मग ग्रंथपालबाईंनी सरांना पत्र वाचून दाखवायला सांगितलं. सरांनी वाचलं, यावेळी जसं लिहिलंय तसं. “आम्ही प्रार्थनेला जमलो होतो. दारात पाहुणा आला. आमच्यापुरतंच होतं, तरी प्रत्येकीने आपल्यातलं काढून दिलं. नाव विचारलं नाही.” त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, घागरीपर्यंत, बहिणीच्या मुलांपर्यंत.

नकारघंटाला राहवलं नाही. “मग आता तो पाहुणा कोण होता म्हणतोस?”

सर त्याच्याकडे बघून हसले. “त्या बायकांनी विचारलं नाही. मी कशाला विचारू?”

नकारघंटाने कागदांचा तो गठ्ठा तसाच पिशवीत घातला. अशी वेळ त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली असावी.

आता मी काचेच्या कपाटात असतो. मागे पांढरा कागद आहे, लेकीने मुद्दाम लावलाय, म्हणजे मी भोक आहे हे कोणालाही दिसावं. मला बुजवायचं का असं कोणीतरी विचारलं होतं, तिने साफ नाही म्हटलं. सर आता एक नवीन पुस्तक लिहितायत, अगदी बारीकसं. त्यातलं एकेक पान नकारघंटा रविवारी वाचतो, समासात ‘नाही’ लिहितो आणि मग तेच खोडतो. सर अधूनमधून येऊन कपाटापाशी उभे राहतात. आधी ठशाकडे बघतात, मग माझ्याकडे. राग नाही आता त्यांच्या डोळ्यांत. मला ‘भोका’ म्हणतात. नावाने हाक मारल्यासारखं वाटतं.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर जरूर डोकवा. फक्त एक करा. माझ्यापाशी थबकून, इथे काय मोठं लिहिलं असेल, असा विचार करत बसू नका. काही लिहिलेलं नव्हतं. माझ्या पलीकडे जेवायला वाढलेलं एक घर आहे, आणि त्यात नाव नसलेला एक भुकेला माणूस आहे. मला ओलांडा आणि त्याच्याबद्दल वाचा.